दूध काढण्याचा पंप: घेताना काय पाहावे, विकताना काय सांगावे

कापडाच्या दुकानात बाळंतिणीचे सामान ठेवणे ही आपल्या भागात नवी गोष्ट नाही. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, मच्छरदाणी, बाळंतिणीचे गाऊन हा माल आपण वर्षानुवर्षे विकत आलो आहोत. अलीकडे त्यात एका वस्तूची भर पडली आहे. चंद्रपूरचा गोल बाजार असो की वडसा, ब्रह्मपुरी, अहेरीची पेठ असो, गिऱ्हाईक हळू आवाजात विचारते, "दूध काढायचा पंप आहे का?"

विचारणारा बहुधा पुरुष असतो. बाळंतिणीचा नवरा किंवा भाऊ. तो लाजेपोटी खोके उघडून पाहत नाही. दाम विचारतो, पिशवीत टाकतो आणि निघतो. दुकानदारही लाजतो आणि जो माल समोर असेल तो देऊन मोकळा होतो. घरी गेल्यावर पंप टोचतो, दूध निघत नाही, आणि बाळंतिणीच्या मनात भरते की आपल्याला दूधच नाही. मग पावडरचा डबा येतो. चुकीची साडी विकली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ती बदलून नेते. इथे नुकसान बाळाचे होते आणि ते बदलून देता येत नाही. म्हणून या वस्तूची माहिती व्यापारी बांधवांना असली पाहिजे.

पंपाची गरज कोणाला

प्रथम हे समजून घ्यावे की प्रत्येक बाळंतिणीला पंप लागत नाही. आई घरी आहे, बाळ नीट तोंडात धरून ओढते आहे, वजन वाढते आहे, तर पंपाचे काहीच काम नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ दूध पाजण्याचा आहे. कुरआन शरीफमध्ये सूरह बकरच्या २३३ व्या आयतीत पूर्ण दोन वर्षांची मुदत आलेली आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

गरज पडते ती चार प्रकारच्या बाळंतिणींना. एक, जिचे बाळ दिवसांआधी किंवा फार कमी वजनाचे जन्मले आणि नवजात अतिदक्षता कक्षात ठेवले आहे. बाळ ओढू शकत नाही, पण दूध त्याला आईचेच हवे असते. अशा आईने प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करावी लागते आणि रात्र धरून दिवसाकाठी आठ वेळा तरी काढावे लागते, नाहीतर दूध आटते. दोन, जी कामावर परत जाते: शिक्षिका, नर्स, अंगणवाडी सेविका, दुकानातली मुलगी, रोवणीला किंवा तेंदूपाने तोडायला जाणारी मजूर स्त्री. तीन, जिचे स्तन दुधाने दगडासारखे झाले आहेत किंवा बोंड आत ओढलेले असल्याने बाळाला धरता येत नाही. चार, जी स्वतः आजारी पडून बाळापासून दूर आहे.

तिसऱ्या प्रकारात एक सावधगिरी आहे. दूध दाटले म्हणून पंप लावून पूर्ण रिकामे करण्याचा प्रयत्न करू नये. जितके काढावे तितके शरीर आणखी तयार करते आणि दाटणे वाढते. २०२२ साली अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने स्तनाच्या सुजेबाबत जो सल्ला प्रसिद्ध केला, त्यातही अति पंप करण्याविरुद्ध ताकीद आहे. बाळाला धरता येईल इतके मऊ होईपर्यंत थोडे काढावे. ताप आला, लाली चढली तर दवाखाना गाठावा. ते काम पंपाचे नाही.

आधी हात, मग यंत्र

सर्वात स्वस्त पंप म्हणजे बाळंतिणीचा स्वतःचा हात. हात स्वच्छ धुऊन, कोमट कापडाने शेकून, अंगठा आणि बोटे बोंडाच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवून, आधी छातीकडे दाबून मग एकमेकांकडे दाबायचे आणि सोडायचे, असे ते तंत्र आहे. हे दुकानदाराने शिकवायचे नसते. आशाताई किंवा प्रसूतिगृहातील नर्स दाखवते. पण "आधी नर्सबाईंना विचारले का?" एवढे गिऱ्हाइकाला सांगणे आपले काम आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांचा घट्ट चीक तर हातानेच चांगला निघतो. तो थेंबाथेंबाने येतो आणि पंपाच्या भांड्याला चिकटून वाया जातो. चीक पिळून टाकून देण्याची जुनी चाल काही घरांत अजून आहे. बाळाचे रोगांपासून रक्षण करणारा तो पहिला घास आहे.

आपल्या गडचिरोलीनेच याबाबतीत जगाला धडा दिला आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९९० च्या दशकात जिल्ह्यातील ३९ गावांत, गावच्याच शिकवलेल्या स्त्रियांच्या हाताने, घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले आणि ती हकीकत १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तिथे महागडी यंत्रे नव्हती. बाळाला ऊब देणे, स्वच्छता, वेळेवर आईचे दूध आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध, एवढ्यावर ते काम झाले. पंप हे साधन आहे, आईच्या दुधाची जागा घेणारी चीज नव्हे, हे लक्षात ठेवूनच तो विकावा.

पंपाचे प्रकार

हे यंत्र फार जुने आहे. अमेरिकेत ओरवेल नीडहॅम याला १८५४ साली अशा पंपाचे पेटंट मिळाले होते. पुढे १९५६ च्या सुमारास स्वीडनचे अभियंता आइनार एग्नेल यांनी किती ओढ लावली असता इजा होत नाही याचा अभ्यास करून नवा पंप तयार केला. आजचे विजेचे पंप त्याच पायावर उभे आहेत. बाजारात मिळणारा माल ढोबळमानाने पाच प्रकारांत मोडतो.

पहिला, रबरी फुग्याचा. सायकलच्या भोंप्यासारखा दिसतो, सर्वात स्वस्त असतो आणि खेड्यापाड्यांत हाच जास्त खपतो. आमचे स्पष्ट मत आहे की हा माल दुकानात ठेवूच नये. दूध फुग्यात शिरते, फुगा आतून धुता येत नाही, त्यात जंतू वाढतात. ओढ किती लागते यावर ताबाही राहत नाही, त्यामुळे बोंडाला जखम होते. यात नफा थोडा आणि गुनाह मोठा.

दुसरा, दांडीचा हातपंप. दांडी दाबली की ओढ लागते, सोडली की सुटते. वीज लागत नाही, सारे भाग सुटे होतात, उकळता येतात. ओढ बाळंतिणीच्या हातात असते. दिवसातून एक-दोन वेळा काढायचे असेल तर हा पुरतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी बहुतेक घरांना हाच योग्य आहे.

तिसरा, अखंड सिलिकॉनचा. दाबून लावला की चिकटून राहतो. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने गळणारे दूध गोळा करायला बरा, पण नियमित दूध काढायला पुरेसा नाही.

चौथा, विजेचा किंवा चार्जिंगचा. एका बाजूचा आणि दोन्ही बाजूंचा, असे दोन उपप्रकार आहेत. दोन्ही बाजूंच्या पंपाने एका वेळचे काम पंधरा-वीस मिनिटांत होते. रोज पाच-सहा वेळा काढायचे असेल, म्हणजे नोकरी किंवा दवाखान्यातील बाळ, तर दोन्ही बाजूंचाच घ्यावा.

पाचवा, रुग्णालयाचा जड पंप. हा अनेक मातांनी वापरावा असाच बनवलेला असतो. दूध मोटारीपर्यंत जाऊच शकत नाही अशी त्याची रचना असते आणि प्रत्येक मातेचा नळी-भांड्यांचा संच वेगळा असतो. किंमत घरगुती गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर आहे. मोठ्या शहरांत तो भाड्याने मिळतो.

माप घेतल्याशिवाय सौदा करू नये

कापडवाल्याला आणि दर्ज्याला माप समजावून सांगण्याची गरज नाही. पंपाचेही माप असते, आणि बहुतेक तक्रारी मापाच्याच असतात. स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्याच्या नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये खोक्यावर किंवा नरसाळ्यावर छापलेला असतो. बहुतेक खोक्यांत २४ मिलिमीटरचे नरसाळे येते. पण सगळ्यांना एकच माप कसे बसेल? बाळंतिणीने घरी पट्टीने बोंडाची बुडापाशी रुंदी मोजावी आणि त्याहून दोन ते चार मिलिमीटर मोठे नरसाळे घ्यावे. म्हणजे रुंदी १७ भरली तर १९ ते २१ चे.

नळी लहान पडली तर बोंड घासते, सोलते. मोठी पडली तर भोवतालचा काळा भाग आत ओढला जातो, सूज येते आणि दूध कमी निघते. बाळंतिणीला वाटते दूध आटले. म्हणून दुकानदाराने एकच गोष्ट करावी: मोजमापाची पट्टी छापलेला कागद गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा आणि सांगावे, "घरी मोजून आकडा सांगा, त्या मापाचे देतो." पुरुषालाही यात लाजण्यासारखे काही उरत नाही. आकडा सांगायचा आणि माल न्यायचा.

मापानंतर पाहण्याच्या गोष्टी पुढीलप्रमाणे:

ओढ कमी-जास्त करता येते का? जास्त ओढ म्हणजे जास्त दूध, असे नाही. खोक्यावरचा मोठा आकडा पाहून भुलू नये. दुखणार नाही इतकीच ओढ लावावी. दुखले की दूध उतरत नाही.

दूध नळीतून मोटारीकडे जाण्याला आडवा पडदा आहे का? तो नसेल तर नळीत ओल जाऊन बुरशी धरते.

सुटे भाग मिळतात का? व्हॉल्व्ह म्हणजे रबराचा किंवा सिलिकॉनचा छोटा तुकडा असतो. तो फाटला की हजारो रुपयांचा पंप निकामी. अहेरी किंवा सिरोंच्याच्या गिऱ्हाइकाने त्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर यावे का? एका ठोक व्यापाऱ्याने आम्हाला भारी सवलतीत माल देऊ केला होता. व्हॉल्व्ह कुठे मिळतील असे विचारल्यावर त्याच्याकडे जवाब नव्हता. असा माल फुकट मिळाला तरी महाग.

खोक्यावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीचा क्रमांक छापला आहे का? आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे हे छापणे बंधनकारक आहे. छापील नसलेला माल विकणारा दुकानदारही कचाट्यात सापडतो.

आपला उन्हाळा, आपली वीज

मुंबई-पुण्याची माहितीपत्रके वाचून चंद्रपुरात दूध साठवता येत नाही. नियम असा सांगितला जातो की काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस आणि डीप फ्रीजरमध्ये सुमारे सहा महिने चांगले राहते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. घरातली खोली २५ अंशांची कुठून असणार? तेव्हा आपल्या उन्हाळ्यात नियम सोपा ठेवावा: काढलेले दूध लगेच पाजावे, नाहीतर लगेच थंडीत ठेवावे. बाहेर ठेवूच नये.

कामावर दूध काढणाऱ्या स्त्रीने बर्फाच्या गोठवलेल्या पिशव्यांसह इन्सुलेटेड डबा न्यावा. त्यात दूध चोवीस तासांपर्यंत टिकते. फ्रीजमध्ये ठेवताना दारात ठेवू नये, आत मागच्या बाजूला ठेवावे. वीज गेली तर फ्रीज उघडू नये. बंद फ्रीजमध्ये साधारण चार तास गारवा राहतो. गोठवलेले दूध वितळल्यावर चोवीस तासांत संपवावे, परत गोठवू नये. गरम करायचे तर भांडे कोमट पाण्यात ठेवावे, चुलीवर किंवा गॅसवर उकळू नये. बाळाने पिऊन उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे. भांड्यावर तारीख आणि वेळ लिहावी.

दुर्गापूरच्या महाऔष्णिक केंद्राची वीज सगळ्या महाराष्ट्रात जाते, पण एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावांत पावसाळ्यात ती कधी जाईल याचा भरवसा नसतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वारंवार घडत आलेले आहे. अशा ठिकाणच्या गिऱ्हाइकाला फक्त विजेवर चालणारा पंप देणे म्हणजे त्याला फसवणेच. त्याला हातपंप द्यावा, किंवा चार्जिंगचा पंप हवाच असेल तर सोबत हातपंपही सुचवावा. आणि ज्या घरी फ्रीज नाही, त्या घरी रोजच्या रोज लागेल तेवढेच काढून पाजणे हाच मार्ग आहे, हे मोकळेपणाने सांगावे.

धुण्यात हयगय नको

२०१६ साली अमेरिकेत दिवसांआधी जन्मलेले एक बाळ जंतुसंसर्गाने गंभीर आजारी पडले. तपासात तो जंतू घरच्या पंपाच्या भागांवर सापडला. ते भाग साबणाच्या पाण्यात तासन् तास भिजत ठेवून नुसते विसळले जात होते, घासले जात नव्हते. तिकडची ही गत, तर आपल्याकडे किती जपायला हवे!

प्रत्येक वेळी पंपाचे भाग सुटे करून आधी साध्या पाण्याने विसळावेत. मग त्याच कामासाठी राखलेल्या पातेल्यात साबण आणि कोमट पाण्याने, वेगळ्या ब्रशने घासावेत. मोरीत किंवा सिंकमध्ये ठेवू नयेत. रोज एकदा पाच मिनिटे उकळावेत आणि स्वच्छ कापडावर हवेत वाळवावेत. मोटार पाण्यात घालू नये. नळीत काळे ठिपके दिसले तर नळी फेकून नवी घ्यावी.

काढलेले दूध पाजण्यासाठी बाटली लागते हा गैरसमज आहे. वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजता येते. बोंडल्याला कोनेकोपरे नसतात, ते स्वच्छ राहते. बाटलीच्या बुचाची सवय लागलेले बाळ पुष्कळदा आईकडे नीट ओढत नाही.

कायद्याच्या गोष्टी

व्यापाऱ्याने एक कायदा पाठच करावा. बाळाचे पावडर दूध, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुआहार यांसंबंधीचा १९९२ चा कायदा, जो २००३ साली अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठीच्या या वस्तूंची जाहिरात करता येत नाही, नमुने वाटता येत नाहीत, खप वाढवण्यासाठी भेटवस्तू किंवा आमिष देता येत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पंपाच्या खोक्यात अनेकदा बाटली आणि बूच येते. "पंपावर बाटली मोफत" अशी पाटी लावणे, किंवा बाळंतविड्याच्या संचात बाटली घालून तिच्या नावाने योजना चालवणे अंगाशी येऊ शकते. अशा पाट्या लावू नयेत.

दुसरे, १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत आणि २०२२ पासून ती विकणाऱ्याला नोंदणीचा नियम आहे. कापडाच्या दुकानात पंप ठेवण्याआधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात जाऊन, कोणता माल ठेवायचा ते दाखवून, नोंदणीची विचारणा करावी आणि जवाब लेखी घ्यावा.

तिसरे, आपण स्वतः मालक आहोत. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली. कामावर परतलेल्या मातेला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी देण्याची तरतूदही आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कायम आहेत. आपल्या लहान दुकानाला कायदा लागू असो वा नसो, दुकानातल्या मुलीला गोदामाचा एक कोपरा, पडदा, खुर्ची आणि हात धुवायला पाणी देण्यात काय खर्च आहे? आपणच पंप विकावा आणि आपल्याच नोकरीतल्या बाळंतिणीला तो वापरायला जागा नसावी, हे शोभत नाही.

दुसऱ्याचे दूध, वापरलेला पंप

घरगुती पंप वापरलेला घेऊ नये, विकू नये, भाड्याने देऊ नये. नरसाळे बदलले तरी मोटारीत ओल शिरलेली असू शकते. सील फोडलेला माल परत घेऊ नये, आणि हे विकतानाच बिलावर लिहून द्यावे. मोटार मात्र विकण्याआधी गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवावी. बिघाड निघाला तर कंपनीकडून बदलून देणे ही आपली जबाबदारी.

दीनाच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. आईने काढलेले दूध तिच्याच बाळाला पाजण्यात कसलाही प्रश्न नाही. पण दुसऱ्या स्त्रीचे दूध पाजले तर दुधाचे नाते जुळते, आणि हनफी फिकहप्रमाणे दूध थोडे असो वा जास्त, त्याने निकाहाची मनाई लागू होते. वाटीने पाजले तरी हुकूम तोच. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली दुग्धपेढी सुरू केली आणि तिथून असंख्य अशक्त बाळांना फायदा झाला. त्याच काळात, १९८५ साली, जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने मात्र नात्यांच्या घोळामुळे दुग्धपेढ्यांबाबत मनाईचा निर्णय दिला होता. इतर काही उलेमांचे मत वेगळे आहे. बाळाच्या जिवाचा प्रश्न आला तर डॉक्टर व आलिम दोघांना विचारावे. आपल्या विषयापुरते एवढेच की दवाखान्यात ठेवलेल्या दुधाच्या प्रत्येक भांड्यावर आईचे नाव ठळक लिहावे. स्वतःचे दूध काढता आले तर हा प्रश्नच उभा राहत नाही, आणि चांगल्या पंपाची खरी कदर इथे कळते.

कापडवाले व कारागीर यांना यात काय

पंप स्वतः फार नफ्याचा माल नाही. तालुक्याच्या दुकानात दोन-तीन हातपंप, तीन मापांची नरसाळी आणि व्हॉल्व्हची पाकिटे एवढा साठा पुष्कळ झाला. दोन्ही बाजूंचा विजेचा पंप मागणी आल्यावर मागवावा. अडकलेले भांडवल आणि जुने झालेले रबर दोन्ही तोट्याचे.

खरी कमाई त्याच्या भोवतीच्या मालात आहे, आणि तो माल आपल्या हातचा आहे. गळणाऱ्या दुधासाठी छातीशी ठेवायचे धुण्याजोगे पॅड घ्या. आतून मऊ सुती मलमल, मध्ये दोन-तीन थर सुती फ्लॅनेल, गोल कापून काठ शिवला की झाले. कापड आधी धुऊन आटवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यातच पॅड वाकडे होतात. नायलॉन, पॉलिएस्टर आतल्या बाजूला घालू नये, ते ओल धरत नाही आणि आपल्या उन्हाळ्यात घामोळे आणते. आरमोरी, नागभीडचा कोसा आपली शान आहे, पण या कामाचा नाही. बाजूला लपलेली चेन असलेले कुर्ते, बाळ घेऊन बसताना पांघरायची सुती ओढणी, पंप आणि बर्फाचा डबा न्यायची धुता येणारी पिशवी, हे सर्व घरी शिवणाऱ्या आपल्या भगिनी उत्तम करू शकतात. जाडसर, किनार गुळगुळीत असलेले स्टीलचे बोंडले घडवणारा कारागीरही चार पैसे मिळवील. दुकानात काउंटरवर एखादी समजदार बाई ठेवली तर पंपाची निम्मी अडचण तिथेच संपते.

मदीनेच्या बाजारात वरून सुके आणि आतून भिजलेले धान्य विकणाऱ्याला रसूलुल्लाह (स.) यांनी टोकले होते, हा वाकया आपण सर्वांनी ऐकला आहे. फुग्याचा पंप चकचकीत खोक्यात घालून बाळंतिणीच्या घरी पाठवणे यापेक्षा वेगळे नाही.

शेवटी एक सूचना. जिल्ह्याच्या रुग्णालयांत ज्यांची बाळे नवजात कक्षात आहेत, अशा दूरच्या गावच्या गरीब माता आठ-आठ दिवस ओसरीत बसून असतात. व्यापारी मंडळींनी वर्गणी काढून, रुग्णालयाच्या डॉक्टरांना विचारून, रुग्णालयाचा एखादा पंप तिथे द्यावा, आणि प्रत्येक मातेला तिचा स्वतःचा नळी-भांड्यांचा संच मिळेल अशी तजवीज करावी. यंत्र सार्वजनिक राहणार असल्याने ते सदक्याच्या व इमदादीच्या रकमेतून घ्यावे. संच गरीब मातेच्या मालकीचा होत असल्याने त्यासाठी जकातीची रक्कम वापरता येईल का, हे आपल्या उलेमांना विचारून घ्यावे. माता कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे पाहण्याचे कारण नाही. दवाखान्याच्या त्या ओसरीत माडिया आहे, गोंड आहे, आपलीही आहे.